परदेशातलं लेकरू घरी येतंय, तर…

रोटरी क्लबात येऊन तुम्हाला वर्षही झालं नाही आणि यूथ एक्स्चेंजची, म्हणजे वर्षभर परदेशातल्या दोन-तीन घरांत आळीपाळीने राहून शिकायच्या रोटरीच्या योजनेतली मुलगी घरी ठेवायला तयार झालात, फार बरं वाटलं. माझ्याकडे चार मुलं राहून गेली, म्हणून सांगते.

पाहुणचार दोनच दिवस करा. आमच्याकडे ब्राझीलची मुलगी होती. आम्ही आग्रह करकरून वाढत राहिलो आणि 'नको' कसं म्हणायचं हेच तिला कळेना. एका रात्री पोट धरून रडली बिचारी. दुसऱ्या दिवशी तिला 'पुरे' हा शब्द शिकवला आणि ओट्यापाशी उभी करून हातात लाटणं दिलं. पोळी झाली वेडीवाकडी, पण त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळं हसली.

वर्षभराचा व्हिसा असला की आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. ती ऑनलाइन होते, लांबणीवर टाकू नका. आणि कितीही गळ घातली तरी स्कूटर चालवायला देऊ नका. रोटरीच्या नियमात ते बसत नाही.

क्लब तिला एक समुपदेशक देतो, तो यजमान घरातला नसतो. हे मुद्दाम असतं. तिला तुमच्याबद्दलच काही सांगायचं असेल तर? समुपदेशकाशी तिला एकटीला बोलू द्या, मनाला लावून घेऊ नका.

क्लबच्या रक्तदान शिबिरात तिला फोटोपुरती उभी करू नका, चहा-बिस्किटं वाटू द्या.

काही महिन्यांनी ती दुसऱ्या घरी जाईल. त्याआधीच्या रविवारी त्या घरच्यांना जेवायला बोलवा, पोळ्या तिलाच लाटू द्या.