शाब्लीच्या वाइनमध्ये खरंच समुद्र लागतो का?

तुमचा प्रश्न असा : फ्रान्समधल्या शाब्लीच्या मातीत शिंपले आहेत म्हणून तिथल्या वाइनला समुद्राची चव येते म्हणतात, हे खरं की विकायची युक्ती?

शिंपले आहेत, हे खरं. पुढचं निम्मं खरं.

आमची बाग निफाडकडे. शाब्लीला गेलो तेव्हा सवयीनं आधी ढेकूळ उचललं. आपल्या काळ्या मातीसारखं ते बोटांना चिकटलं नाही. करडं-पांढरट, आणि त्यात नखाएवढी, स्वल्पविरामासारखी वळलेली कालवांची कवचं. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी तिथं उथळ समुद्र होता. पण मुळं त्यातून चव ओढून घेत नाहीत. द्राक्षात उतरणारी खनिजं इतकी थोडी की जिभेला पत्ता लागत नाही. माती सांभाळते ते पाणी. चुनखडीतून जादा पाणी निचरतं, चिकणमाती ओल धरते, वेल माजत नाही.

खरी कारभारीण थंडी. तिथं द्राक्ष एकच, शार्दने. हेच कॅलिफोर्नियाच्या उन्हात पिकलं की वाइन भरदार, गोडसर वासाची होते. शाब्लीत ते जेमतेम पिकतं, आंबटपणा शाबूत राहतो. सेरॅं नदीच्या उजव्या काठावर नैर्ऋत्येकडे तोंड केलेला एक उतार आहे, जेमतेम 100 हेक्टरचा. सर्वांत वरच्या दर्जाचे, ‘ग्रां क्रू’चे सातही तुकडे त्यावरच. शिंपल्यांची माती इतर उतारांवरही आहे, पण त्यातल्या बहुतेकांना हे ऊन नाही.

एप्रिलमध्ये कोंब फुटले की दहिवराची धास्ती. रात्री बागेत मेणाची डबडी पेटवतात, नाहीतर वेलींवर पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळं बर्फाच्या आवरणातला कोंब शून्याच्या आसपास राहून वाचतो. निफाडला पारा उतरला की आम्हीही शेकोट्या पेटवतो, पहाटे पाणी सोडतो. फक्त आमच्याकडे तेव्हा वेलीवर घड असतात. फिलॉक्सेरा ही वेलीची मुळं पोखरणारी कीड, युद्धं आणि या दहिवरानं 1950 च्या दशकात शाब्लीत 500 हेक्टरच्या आसपासच बागा उरल्या होत्या. आज 5,000 च्या वर आहेत.

चवीचं म्हणाल तर मला कैरी आणि हिरवं सफरचंद लागलं. समुद्रही लागला, पण ताटात लिंबू पिळलेली ताजी कालवं होती.