खाडीसाठी वकील व्हायचंय लेकीला

प्रश्न : आम्ही रत्नागिरीजवळच्या खाडीत मासेमारी करतो. दोन महिन्यांपूर्वी काठावरची तिवरं (खारफुटीची झाडं) तोडून तिथे भराव टाकला गेला. ते बघून बारावी सायन्सला असलेली मुलगी म्हणते, ‘मी पर्यावरणाचे खटले लढवणार.’ कोर्टकचेरीने खाडी वाचते का? आणि त्यावर तिचं पोट भरेल का?
– एक पालक

उत्तर : दादा, उरणकडे बघा. बंदराच्या भरावाने मासेमारी गेली, तेव्हा तिथले पारंपरिक मच्छीमार पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या खास न्यायालयात गेले. २७ फेब्रुवारी २०१५ला १,६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. आदेश झाला म्हणजे पैसे लगेच घरात आले असं नसतं, हे तिलाही सांगा. तिवरांची नासधूस हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये म्हटलं, आणि तिवरांभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. कायदा आहे. तो खाडीपर्यंत आणणारी माणसं कमी आहेत.

म्हणून तिला माझा आग्रह एकच : सायन्स सोडू नकोस. हरित न्यायाधिकरणात न्यायाधीशांच्या शेजारी विज्ञानातले तज्ज्ञ सदस्य बसतात. ‘खाडी मेली’ एवढं सांगून तिथे भागत नाही. पाण्यात प्राणवायू किती उरला, जुन्या नकाशात तिवरं कुठवर होती, कालवं कधीपासून मिळेनाशी झाली, हे दाखवावं लागतं. उधाणाचं पाणी कुठवर चढतं हे तुमच्या लेकीला लहानपणापासून ठाऊक आहे. शहरातल्या वकिलाला ते विचारून घ्यावं लागतं.

जीवशास्त्र असेल तर शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातली चार वर्षांची पदवी आणि मग तीन वर्षांचं एलएलबी, हा मार्ग मला सर्वांत भक्कम वाटतो. सात वर्षं झेपणार नसतील, तर बारावीनंतर थेट पाच वर्षांचं लॉ करू द्या. दोन्हींची सीईटी वेगळी असते.

पैशांचं स्पष्ट सांगते. सुरुवातीची काही वर्षं ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली मिळकत फार थोडी असते, आणि नुसत्या पर्यावरणाच्या खटल्यांवर घर चालणं कठीण. जिल्हा न्यायालयात जमिनीचे दावे, सातबारा, वाटण्या ही कामं तिने मनापासून शिकावीत. ऑगस्ट २०२५पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, कोल्हापुरात आहे. त्यामुळे गावाजवळ राहून वकिली करणं आता सोपं झालं आहे.

लेक वकील होईल तेव्हा होईल, तुमची मुदत मात्र सुरू झाली आहे. अशा तक्रारीसाठी हरित न्यायाधिकरणात साधारण सहा महिन्यांच्या आत जावं लागतं; भरपाईसाठी पाच वर्षं असतात. भराव कोणत्या दिवशी पडला ते वहीत लिहा, फोटो तारखेसह जपून ठेवा आणि तहसीलदारांकडे अर्ज देऊन पोच घ्या. अर्ज लेकीकडूनच लिहून घ्या.