आलं, गेलं, मेलं

“मॅडम, माझ्याकडे नऊ मांजरी आहेत. सगळ्या रस्त्यावरून उचललेल्या. सासूबाई म्हणतात, तू पण त्या बातमीतल्यासारखी होणार. खरं सांगा, मी तशी होत चाललेय का?”

मी समुपदेशक आहे, आणि असा मेसेज मला महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. कधी मांजरींच्या जागी कुत्री असतात, कधी नऊच्या जागी चौदा, कधी सासूबाईंच्या जागी सोसायटीचे सेक्रेटरी. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये शेकडो मांजरी असल्याची बातमी सगळ्या ग्रुपांवर फिरली, तेव्हापासून जरा जास्तच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एक आकडा हवा असतो. अमुक इतक्या चालतील, त्याच्या वर गेलं की आजार. तो आकडा माझ्याकडे नाही, म्हणून मी सुलभाताईंची गोष्ट सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहायला त्यांनी हो म्हटलंय.

सुलभाताई माझ्याकडे मांजरींसाठी आल्याच नव्हत्या. “आईला झोप लागत नाही” म्हणून मुलगा मंदार घेऊन आला होता. वय ५९, बँकेतून निवृत्त, नाशिकमध्ये स्वतःचं रो-हाउस, मुलगा-सून पुण्याला. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, नीट घातलेला अंबाडा. त्या साडीशी न जुळणाऱ्या गोष्टी दोनच. पदराखाली लपवलेल्या हातांवर ओरखडेच ओरखडे, मनगटापाशी गजकर्णाचा गोल चट्टा. आणि वास. त्या गेल्यावर मी खिडक्या उघडल्या आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या भेटीत मी चूक केली. थेट विचारलं, “घरी मांजरी किती आहेत?” त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली. “मंदारने सांगितलं वाटतं.” पुढच्या दोन्ही वेळा त्या आल्या नाहीत. ‘किती’ हा प्रश्न त्यांना शेजाऱ्यांनी, भावाने, कामवालीने विचारून झाला होता आणि प्रत्येक वेळी त्यामागून ‘काढून टाका’ आलं होतं. मी त्या रांगेत जाऊन उभी राहिले होते. नंतर फोन करून विचारलं, “पहिली कोण आली होती?” तेव्हा त्या अर्धा तास बोलल्या.

पहिली आली ती मे २०२१ मध्ये. एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, यजमान गेले होते. अठरा दिवस हॉस्पिटलात, भेटायची सोय नाही, शेवटचं दर्शन लांबून. तेराव्यानंतर मुलगा परत गेला आणि दोन दिवसांनी यजमानांच्या स्कूटरखाली एक तिरंगी मांजर तीन पिल्लं घेऊन बसलेली दिसली. “मी काही आणली नाही हो मॅडम. तीच आली. यांच्या स्कूटरखाली.” तिचं नाव चिंगी.

चिंगीचं ऑपरेशन त्यांनी करून घेतलं नाही. लेकुरवाळीचं आईपण काढून घ्यायचं म्हणजे पाप, असं त्यांना मनापासून वाटायचं. मांजर साधारण नऊ आठवड्यांत विते. पिल्लं पाच-सहा महिन्यांची झाली की त्यांनाही दिवस जाऊ शकतात, आणि अंगावर पाजणारी मांजरसुद्धा पुन्हा गाभण राहू शकते. सुलभाताईंची सगळी नोकरी बँकेत गेलेली, चक्रवाढ व्याज त्यांना मी काय समजावणार!

पण निम्म्या मांजरी घरात जन्मलेल्या नव्हत्याच. त्या लोकांनी आणून दिलेल्या. ‘मांजरीवाल्या काकू’ असं नाव पडल्यावर सकाळी गेटवर खोके दिसायला लागले. बिस्किटाचे, बुटांचे, एकदा मिक्सरचा. रात्री अकराला मेसेज यायचा, ‘अर्जंट! उद्यापर्यंत फोस्टर मिळालं नाही तर पिल्लं मरतील’, आणि खाली चार जण हात जोडलेले इमोजी टाकून झोपी जायचे. मला या फॉरवर्डवाल्यांचा राग येतो, समुपदेशकाने येऊ देऊ नये इतका. एक माणूस बुडायला लागला की आपण त्याच्याच खांद्यावर आणखी गाठोडी ठेवतो आणि वर त्याला देवमाणूस म्हणतो.

पाचव्या भेटीला मी त्यांच्या घरी गेले. दार उघडताच त्या म्हणाल्या, “सकाळीच फिनाइल मारलंय.” माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मांजरीच्या मुताचा अमोनिया बंद घरात साठला की डोळे आणि घसा दोन्ही धरतो. “मला तर काही वास येत नाही,” त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. रोज त्याच हवेत राहिलं की नाक वास सांगायचं सोडून देतं. (फिनाइल मांजरांना विषारी असतं, पंजाला लागलेलं ते चाटून पोटात जातं, हे नंतर पशुवैद्यांनी सांगितलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या.)

मी नेलेली दोनशे पानी वही पुढे ठेवली. “सगळ्यांची नावं सांगता का?” त्यांनी स्वतःच पेन घेतलं आणि भराभर लिहायला लागल्या. चिंगी, मोत्या, हळद्या, सुंठ, बगळी, दोन बाजीराव. एकतीस नावं झाली आणि पेन थांबलं. “बाकीची नवी आहेत,” त्या म्हणाल्या, “त्यांची अजून ठेवायची आहेत.” तेवढ्यात सिलिंडरच्या मागे मला एक पिल्लू दिसलं. हलत नव्हतं. माझी नजर गेली तशी त्यांचीही गेली.

“झोपलंय ते.”

मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “काल रात्री बघितलं होतं मी. मग परत बघितलं नाही.”

याला इंग्रजीत ॲनिमल होर्डिंग म्हणतात. आपल्याकडे होर्डिंग म्हटलं की चौकातला वाढदिवसाचा फलक आठवतो, आणि साठेबाजी म्हटली की आम्हा नाशिककरांना कांदा. त्यामुळे या दुखण्याला घरगुती नावच नाही. नाव नसलं की लोक दोनच शब्द वापरतात, वेडी किंवा देवी. वस्तू साठवत राहण्याच्या आजाराला मानसोपचाराच्या डीएसएम-५ या अमेरिकन निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये स्वतंत्र जागा दिली, आणि जनावरांच्या बाबतीतला हा प्रकारही त्यातच नोंदवला. त्याआधी १९९९ मध्ये गॅरी पॅट्रोनेक या अमेरिकन पशुवैद्याने यावर महत्त्वाचा अभ्यास लिहिला होता. त्याच्या व्याख्येत जनावरं जास्त असणं आहेच, पण सगळा जोर पुढच्या भागावर आहे. खाणं, स्वच्छता, औषधपाणी यांची किमान पातळीही राहत नाही, आणि ती राहत नाही हे त्या माणसाला दिसेनासं होतं. पुढे या अभ्यासकांच्या गटाने असे लोक ढोबळमानाने तीन प्रकारचे सांगितले. परिस्थिती बदलल्यामुळे हाताबाहेर गेलेले, वाचवण्याचं ध्येय घेतलेले, आणि जनावरांचा निव्वळ वापर करून घेणारे. सुलभाताई पहिल्या दोघांच्या मध्ये कुठेतरी होत्या. तिसऱ्या प्रकाराला माझ्यासारखी फारशी उपयोगी पडत नाही, तिथे पोलीसच लागतात.

मग खूप जनावरं सांभाळणारा प्रत्येक जण याच वाटेवर असतो का? मी सुलभाताईंना एका बाईंकडे घेऊन गेले. दिंडोरी रोडला त्यांची शेती आहे, तिथे चौसष्ट कुत्री. बरीचशी गाडीखाली सापडलेली, काही मागचे पाय ओढत चालणारी. चौसष्ट! आणि तरी तिथे मला मोकळा श्वास घेता आला. दर आठवड्याला डॉक्टर येतात, नव्या कुत्र्याला दोन आठवडे वेगळं ठेवतात, मदतीला दोन गडी. बाईंनी पडवीतल्या खुंटीवरची वही काढून दाखवली. दर पानावर तीन रकाने आखलेले आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: आलं, गेलं, मेलं.

“गेलं म्हणजे?” सुलभाताईंनी विचारलं.

“कुणी पाळायला नेलं. नाहीतर बरं झालं, ऑपरेशन झालं, जिथून आणलं होतं तिथे परत सोडलं.”

“परत? रस्त्यावर?”

“तिथलंच आहे ते, ताई. त्याची गल्ली आहे ती.”

(नियमही तेच सांगतात. २०२३ च्या प्राणी प्रजनन नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झाली की रस्त्यावरच्या कुत्र्याला सहसा त्याच्या मूळ जागीच सोडायचं असतं. कानाला खाच असलेली कुत्री दिसतात ती हीच. वाचवायचं म्हणजे घरात आणायचं, हे समीकरण आपणच करून ठेवलंय.)

परत निघताना बाईंचा फोन वाजला. कुठेतरी कुत्री व्यायली होती, सात पिल्लं. “जागा नाही,” त्या म्हणाल्या. पलीकडून काहीतरी सुनावलं गेलं असावं. “हो, आहे मी दगड,” म्हणून फोन ठेवला आणि आमच्याकडे वळल्या. “घेणं सोपं असतं. नाही म्हटलं की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तरी म्हणायचं.”

गाडीत सुलभाताई गप्प होत्या. द्वारका सर्कलला सिग्नलवर एकदम म्हणाल्या, “माझ्याकडे एकच रकाना आहे.”

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असतं तर मी आणखी चांगली समुपदेशक असते. झालं असं की शेजाऱ्यांनी लेखी तक्रार केली आणि मंदारने मला विश्वासात घेऊन बेत सांगितला. आईला चार दिवस शेगावला न्यायचं आणि मागे गाडी बोलावून घर रिकामं करायचं. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही, तो दमला होता. मी त्याला एवढंच विचारलं, की बाबा गेल्यावर त्या घरी परतल्या तेव्हा घर कसं होतं? एका रात्रीत सगळं उचललं की माणूस पुन्हा पहिल्या खोक्यापासून सुरुवात करतो, हे या कामातल्या सगळ्यांना माहीत असलेलं सत्य आहे. मात्र जनावरं उपाशी असतील, मरत असतील, तर माणसाच्या मनाची तयारी होईपर्यंत थांबता येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मालकाने पुरेसं खाणं, पाणी, निवारा न देणं हीच क्रूरता आहे. मनात माया होती का, असं तो कायदा विचारत नाही. म्हणून आम्ही मुदत घातली. पशुवैद्य आठवड्याच्या आत घरी येणार, नाहीतर मंदारचा बेत.

डॉक्टर आले, मोजणी झाली. सत्तेचाळीस. आधी बोके वेगळे केले, मग चार-चारच्या गटाने ऑपरेशनं. ‘पाप’ या शब्दावर मी वाद घातला नाही. त्यांनीच वहीत एका वर्षातल्या पिल्लांची यादी केली, मेलेल्यांसकट, आणि पुढच्या सोमवारी चिंगीला स्वतः घेऊन गेल्या. तरी मधेच एका खोक्यातून पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार घरात शिरला आणि पाच दिवसांत सहा पिल्लं गेली. त्यांना स्वतःलाही रेबीजची इंजेक्शनं घ्यायला लावली, ओरखड्यांची आणि चाव्यांची त्यांनी कधी दखलच घेतली नव्हती.

सगळ्यात अवघड ठरलं ते देणं. पहिल्या तीन घरांना त्यांनी नकार दिला. एकाच्या खिडकीला जाळी नव्हती, ते बरोबर. दुसऱ्यांकडे लहान मूल होतं. तिसऱ्या बाई ‘फार हसत होत्या’. चौथ्या वेळी मी म्हटलं, “हे प्रश्न तुमच्या घराला लावून बघू या का?” हे बोलायला मला सहा महिने लागले होते, आधी बोलले असते तर पुन्हा पर्स उचलली गेली असती. त्या रडल्या. म्हणाल्या, “माझ्याशिवाय यांचं कोण आहे?” आणि जरा वेळाने, “यांचंही कोण होतं तिथे अठरा दिवस.” ते ‘यांचं’ मांजरींचं नव्हतं. त्यानंतरच्या भेटींमध्ये आम्ही मांजरींविषयी फार कमी बोललो. झोपेसाठी आणि उदासीसाठी मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्याही सुरू झाल्या.

हळद्या गेला कॉलेज रोडच्या एका शिक्षक जोडप्याकडे. त्याची पिशवी दिली तेव्हा त्यात त्याचं फडकं होतं, तीन दिवसांचं खाणं, आणि ‘याला ढगांच्या गडगडाटाची भीती वाटते, तेव्हा कपाट उघडं ठेवा’ अशी चिठ्ठी.

तर नऊ मांजरींच्या ताई, तुम्हाला मी उलट विचारलं होतं, की नवांची नावं आणि शेवटची लस कधी झाली ते सांगा. तुम्ही पाच मिनिटांत फोटोसकट पाठवलंत, वर ‘गब्बूचा जंताचा डोस राहिलाय, शनिवारी देते’ असंही लिहिलंत. ज्याला गब्बूचा राहिलेला डोस आठवतो त्याची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटली ती तुमच्या पुढच्या ओळीची, ‘पाहुणे आले की बेडरूमचं दार बंद ठेवते, लोकांना काय कळतंय.’ तुमच्या घरी येऊन बसणारं, वास आला तर तोंडावर सांगणारं एक तरी माणूस ठेवा. सासूबाई चालतील. दहावं पिल्लू घ्यायच्या आधी त्याला ठेवायला स्वतंत्र खोली, डॉक्टरांचे पैसे आणि तुम्ही आजारी पडलात तर करणारं कुणी आहे का, ते बघा. आणि एकदा ‘नाही’ म्हणून पाहा. ते म्हणताच येत नसेल, तर नऊ असताना या, सत्तेचाळीस झाल्यावर येऊ नका.

सुलभाताईंकडे आता बारा आहेत. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. “गेटवर खोका आहे. तीन आहेत. डोळेही उघडले नाहीत अजून.” मी वाट बघितली. “दिंडोरीच्या बाईंना विचारलं. त्यांच्या ओळखीत मांजर व्यायलीय एका घरी, तिला लावून बघतील. सकाळी नेतो म्हणाले. रात्रभर ड्रॉपरने पाजते, दुसऱ्या खोलीत. ठेवते फोन.”

सकाळी वहीच्या पानाचा फोटो आला. आलं ३. गेलं २. मेलं १, पहाटे चार वीस. खाली पेनाने एक शब्द गिरवून गिरवून खोडला होता. नाव ठेवलं असावं.