वजनाचं खापर फुटलं एका जीनवर, कारभार शेजारच्याचा

प्रश्न: एफटीओ जीनमुळे लठ्ठपणा येतो असं वाचलं होतं, आता कोणीतरी म्हणतंय की त्या जीनचा काही संबंधच नाही, सगळा डीएनएच्या घडीचा खेळ आहे. नक्की काय? आणि ही घडी काय चरबीसाठीच झालीये का?

उत्तर: "काही संबंधच नाही" हे जरा जास्तच झालं. २००७ मधे दिसलं की एफटीओमधला एक ठराविक बदल आई आणि वडील दोघांकडून आला असेल तर वजन सरासरी ३ किलो जास्त भरतं, म्हणून सगळे त्या जीनच्या मागे लागले. पण तो बदल अशा तुकड्यात आहे ज्यातून प्रोटीन बनतच नाही, तिथे नुसते जीन चालू-बंद करणारे स्विच आहेत, आणि २०१४ मधे कळलं की ते चालवतात आयआरएक्स३ नावाच्या जीनला, जो तिथून डीएनएची जवळपास ५ लाख अक्षरं लांब आहे!

एवढ्या लांबून कसं जमतं? साडीची घडी घातली की पदर आणि आतलं टोक एकमेकांना टेकतात ना, तसंच. पेशीतला डीएनए साधारण २ मीटर लांब, तो घड्या घालूनच मावतो, आणि त्या घडीत स्विच थेट आयआरएक्स३ जवळ येतो. २०१५ मधे नेमकं अक्षर सापडलं, टीच्या जागी सी. त्यामुळे आयआरएक्स३ आणि त्याच्याच कुटुंबातल्या आयआरएक्स५ वर दाब ठेवणारं प्रोटीन तिथे नीट चिकटत नाही, दोन्ही जीन जास्त चालतात आणि ज्या पेशी चरबी जाळून उष्णता देणार होत्या त्या साठवायलाच बसतात. प्रयोगशाळेत क्रिस्परने, म्हणजे डीएनएमधली अक्षरं बदलायच्या तंत्राने, ते एक अक्षर बदललं तर पेशी परत उष्णता द्यायला लागल्या, मला तरी हा पुरावा सगळ्यात भारी वाटतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. स्विच आणि आयआरएक्स३ ची हीच गाठभेट झेब्राफिश नावाच्या माशातही दिसते, आणि मासे आणि आपली वाट वेगळी होऊन ४० कोटी वर्षं तरी झाली. माशाला कुठे चरबी जाळून अंग गरम ठेवायचंय? म्हणजे घडी आधीची, आयआरएक्स जीन मुळात गर्भात अवयव घडवायच्या कामाचे, आणि सस्तन प्राण्यांची ऊब देणारी चरबी नंतर आली ती या आयत्या वायरिंगवर बसली, असं माझं मत.

आणि ही ऊब देणारी चरबी सगळ्यांकडे टिकलीही नाही. डुकरांच्या पूर्वजांनी ऊब देणारा यूसीपी१ जीन सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी गमावला, म्हणून त्यांची पिल्लं थंडीत नुसती कुडकुडतात.