मुलगी नववीत आहे, घरी मराठी, शाळेत इंग्रजी, पण दोन्ही भाषांत धड बोलत नाही. संभाषणाचा क्लास लावावा का?

नका लावू. तुमचा प्रश्न खरं तर इथेच संपतो, पण 'दोन्ही भाषांत धड नाही' हे शब्द मी स्टाफरूममध्ये इतकी वर्षं ऐकलेत की राहवत नाही.

मी इंग्रजी माध्यमात नववीला विज्ञान शिकवायचो. वर्गात एक मुलगी होती, व्हरांड्यात मैत्रिणींशी फाडफाड इंग्रजी बोलायची. तिला विचारलं, बर्फ पाण्यावर का तरंगतो? गप्प. म्हटलं, मराठीत सांग. "हलका असतो म्हणून, सर." हलका म्हणजे? बादलीभर बर्फ उचलून बघ की! पुन्हा गप्प. म्हणजे घोडं इंग्रजीत अडलेलं नव्हतंच. मग म्हटलं, भाषेची हवी तशी खिचडी कर, पण मला पटव. पाच मिनिटं चाचपडली. "वॉटर फ्रीज होताना फुगतं... मग सेम जागेत कमी पाणी मावतं... म्हणजे तेवढाच तुकडा पाण्यापेक्षा हलका!" डेन्सिटीची व्याख्या तिला आधीपासून पाठ होती, बरं का. लगेच तेच तिने चार इंग्रजी वाक्यांत सांगितलं. एक क्रियापद चुकलं, मी सोडून दिलं.

तेवढ्यात दारात पर्यवेक्षिका बाई. "इंग्रजी माध्यमाच्या वर्गात मराठी?" मला लेखी समज. मुलगी काय बोलली, हे विचारलंसुद्धा नाही.

गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची वेगळी, हा फरक कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्येच मांडला होता. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात लागतात, आणि एका भाषेत पक्की झालेली समज दुसरीत उतरते. बाई खूश व्हायच्या त्या व्हरांड्यातल्या इंग्रजीवर. मी खुलाशाला हे सगळं जोडलं. 'वाचले' असा शेरा मारून कागद परत आला.

तर तुमच्या मुलीचं. रोज एक गोष्ट तिला तुम्हाला समजावून सांगू दे, अभ्यासातलीच असं नाही, फुटबॉलमधला ऑफसाइडचा नियमही चालेल. 'म्हणजे काय?' असं दोनदा तरी विचारा. मधेच व्याकरण सुधारायचं नाही. भाषा मिसळली तर मिसळू दे. दुसऱ्या दिवशी तेच दुसऱ्या भाषेत. क्लासात पाठ केलेलं स्वतःची ओळख करून देणारं भाषण मिळतं, ते पहिल्या उलट प्रश्नाला गळून पडतं.

हो, एक राहिलं. कमिन्स यांची ती दोन आणि पाच-सात वर्षं परदेशात स्थायिक झालेल्या मुलांवरून काढलेली आहेत, जिथे नवी भाषा चोवीस तास कानावर पडते. आपल्याकडे जास्त लागू शकतात. आणि मुलगी अडखळत असेल, शब्द तोंडातच अडकत असतील, तर मामला वेगळा, वाचा-उपचारतज्ज्ञांना (स्पीच थेरपिस्टना) दाखवा.

लेखी परीक्षेचं विचाराल तर तिथे खिचडी चालत नाही, हे मलाही मान्य आहे. बाईंचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर होता. पण तो तास परीक्षेचा नव्हता.