स्वरतंतू लिहावं, की स्वररज्जू?

प्रश्न असा आहे: गाण्याविषयी लिहिताना 'व्होकल कॉर्ड्स'साठी स्वरतंतू वापरावा की स्वररज्जू? आणि घसा, गळा, कंठ एकच ना?

पहिल्याचं आधी. दोन्ही शब्द एकाच जुन्या गैरसमजाची भाषांतरं आहेत. आंत्वान फेरें या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १७४१ मध्ये या अवयवाला तारा ठरवलं. श्वास हा त्याच्या मते व्हायोलिनचा गज. प्रत्यक्षात स्वरयंत्रात समोरासमोर दोन मऊ, ओलसर घड्या असतात. खालून येणारी हवा त्यांना विलग करते, त्या पुन्हा मिटतात. ४४० हर्ट्झचा स्वर लावला तर सेकंदाला ४४० वेळा. वाद्यातच उपमा शोधायची तर सनईची दुहेरी पत्ती बरी. तरी मी स्वरतंतूच लिहितो, कारण तो रुळला आहे. रज्जू म्हणजे दोर, आणि हा ऐवज पुरुषांतही दोन सेंटिमीटरच्या आसपास!

घसा, गळा, कंठ मात्र एक नव्हेत. घसा दुखतो, खवखवतो, कोरडा पडतो. तो दुखण्याचा शब्द. गाणाऱ्याला असतो तो गळा. गळा गोड असतो, तयार असतो, फिरतो. तान गळ्यावर चढते. 'तिचा घसा गोड आहे' म्हणून पाहा, डॉक्टरच आठवतील. घसा बसतो, आवाजही बसतो. 'गळा बसला' मला हिंदीची सावली वाटते. (गळा काढणं वेगळंच, त्यात सूर नसतो.) कंठ प्रौढ भाषेतला: तो दाटून येतो, वयात येणाऱ्या मुलाला फुटतो, आणि वाद्यसंगीताच्या जोडीला कंठसंगीतच येतं.

एक शब्द आपण हरवला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' या संगीतावरच्या संस्कृत ग्रंथात, रियाजाशिवायही राग व्यक्त करू शकणाऱ्या आवाजाच्या जन्मजात शक्तीला 'शारीर' म्हटलं आहे. कर्नाटक संगीतात गाणाऱ्याच्या आवाजाला आजही शारीरम् म्हणतात. मराठीत शारीर म्हणजे फक्त देहाशी संबंधित, त्यामुळे तो आता गाण्याच्या लेखात वापरलात तर कंसात अर्थ द्यावा लागेल. 'चेस्ट व्हॉइस'चं (पाश्चात्त्य गायनातल्या खालच्या स्वरांच्या आवाजाचं) 'छातीचा आवाज' करण्याआधीही 'संगीतरत्नाकरा'तच डोकवा: मंद्र म्हणजे खालचे स्वर हृदयात, मध्य कंठात, तार म्हणजे वरचे मूर्ध्यात (डोक्यात), अशी स्थानं शार्ङ्गदेवाने लावून ठेवली आहेत.