एकच खाते, सगळीकडे प्रवेश

प्रश्न : इंदूरच्या रामबागेत आमची मराठी शिक्षणसंस्था आहे. संगणक ३०, त्यांपैकी २० लिनक्सवर, १० विंडोजवर. प्रत्येक यंत्रावर वेगळी खाती असल्यामुळे एका ठिकाणी बदललेला पासवर्ड दुसरीकडे चालत नाही. वायफायलाही तेच खाते चालावे, अशी इच्छा आहे. सगळी खाती एकाच सर्व्हरवर ठेवण्यासाठी एक सहकारी एनआयएस पुरेसे म्हणतात, दुसरे ओपनएलडॅप सुचवतात. काय निवडावे?

उत्तर : एनआयएस ही सन मायक्रोसिस्टिम्सची १९८० च्या दशकातील व्यवस्था. ती उभी करणे सोपे, पण तिच्या नेहमीच्या मांडणीत एका आज्ञेसरशी सर्वांच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डपासून गणिताने काढलेली सांकेतिक रूपे) कोणालाही वाचता येतात. विद्यार्थ्यांच्या संस्थेत ती नकोच.

ओपनएलडॅपची अडचण वेगळी आहे. ही निर्देशिका, म्हणजे खात्यांची मध्यवर्ती नोंदवही, उत्तम आहे. मात्र विंडोजची यंत्रे तिच्यावर थेट लॉगिन करू शकत नाहीत, आणि वायफायसाठी मोबाइल सहसा पासवर्ड तपासण्याची जी पीईएपी-एमएसचॅप (एमएसचॅप-व्ही२) पद्धत वापरतात तिला पासवर्डचा एनटी हॅश (विंडोजच्या पद्धतीचा हॅश) किंवा मूळ पासवर्डच लागतो. निर्देशिकेत केवळ सॉल्ट (यादृच्छिक जोड) घातलेला एसएचए या दुसऱ्या प्रकारचा हॅश असेल, तर सर्व्हरवरची साधी चाचणी यशस्वी होते आणि विद्यार्थ्याच्या मोबाइलला मात्र नकार मिळतो. म्हणून निवड करताना निर्देशिकेच्या नावाआधी, दाराशी येणारी उपकरणे पासवर्ड कोणत्या रूपात तपासून घेतात, हे पाहावे.

तुमच्यासाठी मी सांबा हा मुक्त सॉफ्टवेअरचा सर्व्हर सुचवीन. डिसेंबर २०१२ मधील ४.० आवृत्तीपासून तो अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे विंडोजच्या खाते-व्यवस्थेचा मुख्य सर्व्हर, म्हणून चालतो; एलडॅप (निर्देशिकेशी बोलण्याची पद्धत) आणि कर्बेरॉस (ओळख पटवणारी व्यवस्था) त्यात आलेच. लिनक्सची यंत्रे एसएसएसडी या सेवेने आणि वायफाय फ्रीरेडियस या खाते तपासणाऱ्या सर्व्हरने जोडावे; वायफायसाठी सांबाच्या सेटिंगमध्ये एमएसचॅप-व्ही२ ला मुद्दाम परवानगी द्यावी लागते. विंडोजची होम आवृत्ती डोमेनमध्ये येत नाही, एवढे खरेदीची बिले काढून आधी तपासा.

कर्बेरॉस घड्याळाबाबत फार काटेकोर असतो. सर्व्हर आणि यंत्र यांच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, की तो प्रवेश नाकारतो. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील सेल संपलेला असला, की सकाळी यंत्र भलतीच तारीख दाखवते आणि विद्यार्थी पासवर्ड चुकला समजून तो पुन्हा पुन्हा टाकत बसतो. सर्व यंत्रांना एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने) सर्व्हरचीच वेळ द्या, आणि दुसरा डोमेन कंट्रोलर वेगळ्या यूपीएसवर ठेवा. एकुलता एक सर्व्हर बंद पडला, तर परीक्षेच्या दिवशी सगळी अभ्यासिका खोळंबते.